केबलवरची पट्टी

असल्या सिनेमांचा आता मला राग येत नाही, कंटाळा येतो. हीरो मागे मागे फिरणार, ती चिडणार, हा काहीतरी चावटपणा करणार आणि मध्यंतराच्या आत बाईसाहेब हसणार. हसली की फसली म्हणे! मी मेली न हसताच फसले.

नव्वदच्या दशकात मी सटाण्याहून शिकायला नाशकात आले. गंगापूर रोडला मामाकडे राहायचे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर बारावीच्या पुढे गेली नव्हती. वडिलांची एकच अट होती, पोरीचं नाव चारचौघांच्या तोंडी येता कामा नये.

वर्गातला एक मुलगा माझ्या मागे लागला. बसस्टॉपवर हजर, प्रॅक्टिकलला माझ्याच टेबलाशी. दोनदा तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं. तर मित्रांना म्हणतो, "पहिल्यांदा नाहीच म्हणतात रे." कुठे शिकला, ते विचारायची गरज नव्हती.

तेव्हा केबलवाला रविवारी दुपारी सिनेमा लावायचा आणि खाली पट्टी फिरवायचा. साड्यांचा सेल, क्लासच्या जाहिराती, कुणाच्या बाळाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. अशाच एका रविवारी माझा वाढदिवस होता. मामा, मामी, शेजारच्या दोन काकू सिनेमा बघत बसले होते. हीरो तिच्या खिडकीखाली नाचत होता, काकू खो-खो हसत होत्या, आणि खालून माझं नाव आडनावासकट सरकत गेलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हो कधी म्हणणार? पट्टी पुन्हा फिरली तेव्हा काकूंनी ती मोठ्यांदा वाचली.

मामा ओरडला नाही. उठून त्याने सटाण्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वडील आले. मी रडून रडून विचारलं, यात माझं काय चुकलं?

"तुझं काय बी नाय चुकलं," ते म्हणाले, "पण आता गल्लीनं वाचलं ना."

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं.

दहा-बारा वर्षांनी एका लग्नात तो भेटला. बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, हीच ती केबलवाली! काय धमाल केली होती मी!" ती बिचारी हसली. भांडायचंही त्राण नव्हतं माझ्यात. एवढंच विचारलं, "तुझं बी.एस्सी. झालं ना रे?"

"झालं की, फर्स्ट क्लासात. तुझं?"