एक्केचाळीस नंबरची विहीर

इंगोले सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पाणी मागत. पेला हातात आला की एक घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे, आणि घरातल्या बाईला ‘काय झालं यांना?’ असं वाटेपर्यंत तसेच उभे राहायचे. मग घोट गिळून म्हणायचे, “गोडं आहे,” नाहीतर, “जरा मचूळ आहे, पण चालते.” खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी टिपायचे, आणि मगच खुर्चीत टेकायचे. माझ्या आईने त्यांना पहिल्यांदा असं करताना पाहिलं तेव्हा तिला वाटलं, या माणसाचा दात दुखत असावा. तिने लवंग आणून दिली. सरांनी तीही मुकाट्याने खाल्ली.

सर वऱ्हाडातले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ते वसईच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायला आले. मी तिथेच मराठी शिकवत होतो. उंच, सावळे, सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण वर्गाबाहेर पाऊल पडलं की त्यांचं ‘मले-तुले’ सुरू होई. त्यांच्या गावी उन्हाळ्यात बायका दोन-दोन मैलांवरून पाणी आणत. इकडे येऊन त्यांनी केळीच्या बागा पाहिल्या, पानवेली पाहिल्या, घरोघरची विहीर पाहिली, गावोगावची बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी पाहिली, आणि ते हरखून गेले. “तुम्ही लोक पाण्यावर घर बांधून राह्यले भाऊ,” ते मला म्हणाले. मी म्हणालो, “सर, समुद्राकडच्या विहिरी खारट व्हायला लागल्यात.” त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, “काहून?”

या ‘काहून’ने त्यांची पुढची सहा-सात वर्षं खाल्ली. वाड्यांमध्ये, म्हणजे घराभोवतीच्या बागायतींमध्ये, बैलांचे रहाट जाऊन इंजिनं आली होती, पाण्याचा उपसा वाढला होता, हे कुणीही सांगितलं असतं. पण सरांना तेवढं पुरत नसे. इंजिन आधी कुणी घेतलं आणि कुणाचं पाहून घेतलं, केळीला भाव कधी चढला, घरातली मुलं नोकरीला लागल्यावर वाडी कोण पाहतं, कुठल्या गावात मुली देतात आणि कुठल्या गावात देत नाहीत, हे सगळं त्यांना त्या खारट पाण्यात दिसायला लागलं. एवढं सगळं घेऊन ते पीएच.डी.साठी विद्यापीठात गेले. भूगोलवाले म्हणाले, यात लग्नं फार आहेत, समाजशास्त्राकडे जा. समाजशास्त्रवाले म्हणाले, यात क्षार फार आहेत, रसायनाकडे जा. रसायनवाल्यांनी आणि अर्थशास्त्रवाल्यांनी तर फाइल उघडलीसुद्धा नाही. सर परत येऊन स्टाफरूममध्ये म्हणाले, “चार घरी पोरगी दाखवली. चारही घरी पोरीची उंची मोजली, नाव कोणी इचारलं नाई.” शेवटी भूगोलाच्याच एका निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांनी त्यांना पदरात घेतलं. विषय नक्की कशात बसतो, असं कुणी खोचकपणे विचारलं की सरांचं उत्तर ठरलेलं असे, “ते नंतर पाहू. आधी हे खरं आहे का ते पाह्य.”

रविवारी आणि सुट्टीत ते सायकल घेऊन गावोगाव फिरत, आणि वाटाड्या व दुभाषा म्हणून मी बरोबर असे. घरच्या बोलीत लोक जे बोलत ते मी सरांना सांगायचं, आणि सर जे विचारत ते लोकांना. त्यांची प्रश्नावली वाचून मला आधी हसू यायचं. साबणाला फेस येतो का? डोकं किती दिवसांनी धुता? तुरीची डाळ शिजायला किती वेळ लागतो? पण डाळीचं त्यांनी बरोबर हेरलं होतं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे प्रयोगशाळेच्या आधी चुलीपुढच्या बाईला कळतं. सर घड्याळ लावून परसदारी बसायचे आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. “सर आले गं, डाल टाका,” असं एकमेकींना ओरडून सांगायच्या. गास गावाच्या बाजूला एक मार्था मावशी होती, तिने त्यांना बजावलं, “सर, डाल मंगारी बगा, पयले जेवा. तुमी दिसता कसे, बांबूच्या काटीसारके.” सर जेवले, आणि जेवता जेवता तिची तिन्ही मुलींची सासरं आणि तिथल्या विहिरी लिहून घेतल्या.

विहिरींना त्यांनी नंबर दिले होते. दर मे महिन्यात प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरायचं, बाटलीला नंबर चिकटवायचा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्षार मोजायचे. या सगळ्याचा नकाशा करून ग्रामपंचायतीत लावायचा, असं त्यांच्या मनात होतं. “लोकाईचं पाणी आहे, लोकाईले दिसलं पाह्यजे,” ते म्हणत. गोड विहिरीला निळा ठिपका, खाऱ्या विहिरीला लाल, आणि खाली घरमालकाचं नाव. आमच्या विहिरीचा नंबर होता एक्केचाळीस.

आता मला माझ्यावर यायला हवं. आमची विहीर तेव्हा खारी होऊन वर्ष झालं होतं. बाबांनी इंजिन घेतलं नव्हतं. बैल आणि रहाट यांच्यावर त्यांचा जीव होता, तरी विहीर खारी झालीच. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आई मैलभर आत, मामाच्या वाडीतून आणत होती. सरांनी आमच्याकडे जो घोट डोळे मिटून घेतला आणि ‘गोडं आहे’ म्हणाले, तो मामाच्या विहिरीचा. आम्ही हे कुणाला सांगत नव्हतो, आणि आळीतले लोकही बाहेर बोलत नव्हते, कारण माझं लग्न ठरत होतं. आमच्यात खाऱ्या विहिरीच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरतात. येणाऱ्या सुनेच्या डोक्यावर जन्मभराचा हंडा बसतो, तेव्हा त्यांचंही चुकत नाही. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं, “पोरगा शिकलेला हाय, बरा हाय. पन पानी कसं हाय ते बगून सांगतो.”

त्या मे महिन्यात सरांना ताप आला होता. त्यांनी पाच बाटल्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, “तुह्या आळीच्या तू भरून आण.” चार मी जिथल्या तिथे भरल्या. पाचवी घेऊन सायकल मामाच्या वाडीकडे वळवली. वाटेत मला भीती वाटली नाही की लाजही वाटली नाही. पाण्याची एक बाटली, त्यात काय एवढं, असंच मनात होतं. पाऊस लागायच्या आत नकाशा पंचायतीत लागला. आमच्या आळीत लाल ठिपकेच ठिपके आणि मध्ये आमचा एक निळा. मुलीचे वडील येऊन नकाशा पाहून गेले आणि आठवड्यात होकार आला. बाबांना अक्षरओळख नव्हती, रंग मात्र दिसत होते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सुनंदाने विहिरीचं पाणी काढून चूळ भरली आणि थुंकून टाकली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “नकाशात तर गोड होतं.” मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही, आईबरोबर हंडा घेऊन मामाकडे जाऊ लागली. पण सर घरी आले, तिच्या हातचं पाणी डोळे मिटून प्यायले, की आत गेल्यावर म्हणायची, “अहो, सांगून टाका ना त्यांना. किती विश्वासाने पितात.” सांगतो, सांगतो म्हणत दोन मे गेले. आळीच्या बाटल्या सरांनी आता माझ्याकडेच सोपवल्या होत्या, आणि दोन्ही वेळा एक्केचाळीस नंबरची मी मामाच्या विहिरीवर भरली, कारण आता ती भरणं भाग होतं. पानवेलीची टोकं करपलेली सरांनी पाहिली तेव्हा मी ‘कीड’ म्हणालो. त्यांनी वहीत ‘कीड’ असं लिहिलं. इतरांच्या विहिरीवर वाकून ओंजळीने पाणी पिणाऱ्या या माणसाने माझ्या घरचं पाणी मात्र नेहमी पेल्यातूनच प्यायलं. तपासायचं असतं ते परक्याचं, असं त्यांना वाटत असावं.

पण इतक्या लाल ठिपक्यांत एकच निळा का, हा प्रश्न सर सोडून देणाऱ्यांतले नव्हते. महिनोन्‌महिने त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. माती खणून पाहिली, जुन्या माणसांना विचारलं, आणि एक दिवस आनंदाने माझ्या घरी आले. “भाऊ, सापडलं. साऱ्या आळीत इंजिन नाही ते तुह्याच बापाकडे. रहाटानं विहीर राखली.” प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यांनी यावर लिहिलं. माणसाने हाव आवरली की त्याचं पाणी टिकतं, हे त्यांना मनापासून खरं व्हायला हवं होतं. मी त्या प्रकरणाचं शुद्धलेखन तपासून दिलं. आजही आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

प्रबंध विद्यापीठात गेला. बाहेरगावच्या परीक्षकांना ते रहाटाचं प्रकरण फार आवडलं होतं, म्हणून तोंडी परीक्षेआधी ते मुद्दाम विहीर बघायला आले. मे महिनाच होता. बाबा बैल फिरवत होते, मडकी भरून वर येत होती, पन्हळीतून पाणी वाहत होतं. परीक्षक खूष होऊन पन्हळीखाली ओंजळ धरून वाकले, आणि बाबांनी बैल थांबवले. प्रबंधाचं त्यांना काही माहीत नव्हतं. दारी आलेल्या पाहुण्याने खारं पाणी पिऊ नये, एवढंच त्यांना कळत होतं. “सायेब, ते पिऊ नका,” ते म्हणाले. “चार वर्सां झाली, खारं झालंय. पियाचं पानी आमी मेवन्याकडून आनतो.”

परीक्षकांनी तरीही बोट बुडवून जिभेला लावलं आणि सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. बाटली कुणी भरली होती ते त्या क्षणी त्यांना कळलं, हे मला दिसलं. परीक्षकांनी विचारलं, “हे नमुने कोणी गोळा केले?” सर स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, “सगळे नमुने मी स्वतः गोळा केले आहेत.” मी तिथेच होतो, चार हातांवर.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. ते सायकल हातात धरून चालत होते, मी बाजूने चालत राहिलो. बरंच अंतर गेल्यावर मीच सांगायला सुरुवात केली, लग्न, सासरे, नकाशा. त्यांनी मध्येच थांबवलं. “मी लोकाईच्या घरात घुसून सारं इचारलं,” ते म्हणाले. “पोरी कुठं देल्या, डोकं कधी धुता, डाळ कधी शिजते. तुले मात्र काहीच इचारलं नाई. तुह्या घरी लग्न आहे, हे मले ठाऊक होतं भाऊ. त्याचा विहिरीशी संबंध मीच सांगत फिरत होतो.” मग जवळजवळ नेहमीच्या उत्साहाने ते म्हणाले, “पण उत्तर आता बराबर आलं पाह्य. खाली पाणी एकच आहे. शेजाऱ्यांची इंजिनं चालली तर एकट्याच्या रहाटानं विहीर वाचत नाई. हे लिवाले पाह्यजे होतं.” आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहिलं.

ते लिहायला त्यांना कुणी दिलं नाही. नमुने विश्वासार्ह नाहीत, असा शेरा मारून प्रबंध नापास झाला. कॉलेजात कुजबुज सुरू झाली की इंगोल्यांनी आकडे घरी बसून बनवले. विद्यापीठाला मी एक पत्र लिहिलं असतं तर हे सगळं थांबलं असतं. सुनंदा रोज विचारायची, लिहिलंत का? इतकी वर्षं हंगामी असलेली माझी नोकरी त्याच वर्षी कायम व्हायची होती. पोरगी पाळण्यात होती. कारणं शोधायला बसलं की भरपूर सापडतात. सरांनी पत्राबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही, पण ते सबंध सत्र थांबले, आणि मला वाटतं, ते त्याचीच वाट पाहत होते. दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि आपल्या गावाकडच्या एका शाळेत गेले. निघताना सुनंदाने वाकून नमस्कार केला तेव्हा तिला म्हणाले, “पोरीले शिकव.” माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले.

चार-पाच वर्षांनी त्यांच्या भावाचं कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर आलं. सर गेले होते. काविळीचं निमित्त झालं. तोवर आमच्याकडे पाण्याचे टँकर मुंबईच्या बाजूला जायला लागले होते, मामाची विहीरही मचूळ झाली होती, आणि जो तो म्हणत होता, माझी विहीर, माझं पाणी, मी विकीन. त्याला उत्तर देऊ शकणारा कागद विद्यापीठाच्या कुठल्यातरी कपाटात नापास होऊन पडला होता, आणि त्या कागदातही खरं उत्तर नव्हतंच. ते माझ्यामुळे नव्हतं.

स्टाफरूममध्ये दोन मिनिटं उभं राहून आम्ही श्रद्धांजली वाहिली. बसल्यावर भूगोलाचे नवे विभागप्रमुख, ज्यांनी सरांना पाहिलंही नव्हतं, म्हणाले, “माणूस फार चांगला होता म्हणतात. पण कामात कच्चा.” सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळले, “राऊत सर, तुमचे तर मित्र होते ना?” ती बाटली मी भरली होती. पाच शब्दांचं वाक्य, आणि मी भाषेचा शिक्षक. “हो,” मी म्हणालो, “चांगले मित्र होते.” शिपायाने चहा आणला आणि मी कप उचलला.