वहिनींचा श्वास

गल्लीतला स्पीकरवाला नगरसेवकपदाला उभा राहिला, तेव्हा लोक आधी पोट धरून हसले. बावीस वर्षं गड्याने दुसऱ्यांच्या प्रचाराचे भोंगे लावले. स्वतः माइकसमोर गेला की त-त-प-प. बोलायची ती बायको, गल्लीच्या वहिनी. ज्याच्या गाडीवर वहिनींचा आवाज, तो निवडून आलाच म्हणून समजा. "एकदा तुमच्यासाठी बोलायचंय," ती नवऱ्याला म्हणायची. गेल्या वर्षी ती गेली.

गड्याने मग तिच्या जुन्या प्रचाराच्या रेकॉर्डिंगमधले शब्द एकेक कापून जोडले. 'तुमचा', 'हक्काचा', 'माणूस'. मधले श्वास कचरा म्हणून पुसले, मूळ फाइलीही उडवल्या. वाक्य कसं चकाचक.

गाडी निघाली आणि खिडक्या फटाफट बंद. शेजारी बसलेली मेव्हणी म्हणाली, "भावजी, ताई दम का घेत नाही हो?"

"प्रचार आहे तो. दम कशाला?"

"माझा कोंडतोय."

दुकानातून शिंपीमामा ओरडले, "पुढे घे बाबा. इथे मशीनखाली बोट आहे माझं."

अशाने मतं जाणार, हे त्याला कळलं. श्वास हवेत, पण आणायचे कुठून? उरलं होतं एकच रेकॉर्डिंग, दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारचं. सव्वीस मिनिटं, शब्द एकही नाही, नुसते श्वास. तेच त्याने शब्दांखाली पसरलं. फेरी वीस मिनिटांची, शेवटच्या श्वासापर्यंत जायची वेळ येणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या. माणसं दारात आली. "आता कशा वहिनी आल्यासारख्या वाटतात," शिंपीमामा गाडीला हात लावून म्हणाले. "मत तुलाच, जा." गडी मनातल्या मनात खुर्चीत जाऊन बसलासुद्धा. मेव्हणी तेवढी भोंग्याकडे कान लावून होती.

चौकात गर्दीने गाडी अडवली. कौतुक संपेना. त्याने घड्याळ पाहिलं: पंचवीस मिनिटं. भोंग्यातले श्वास लांबत चालले होते, आणि त्यांच्याबरोबर गर्दीही श्वास घेत होती. सगळे एकदम घेत, एकदम थांबत. कुणाच्या ध्यानातही नव्हतं. पुढे किती उरलेत, हे एकट्या त्याला पाठ होतं. तीन.

बंद केलं तर ही माणसं पांगणार, खुर्ची गेली. दोन.

त्याने बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं.

चौक सुन्न. माइक त्याच्या हातात, तोंडापासून वीतभर लांब. तरी भोंग्यातून कुणीतरी हलकेच श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

मेव्हणी पुटपुटली, "ताई थांबलीये, भावजी. आता तुम्ही बोला."