वाळलेली फळी

बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी विद्यापीठात रोजंदारीवर बाकं दुरुस्त करत होतो. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक हातात एक लाकडी नळी घेऊन आले आणि म्हणाले, "गणपत, फुंक." मी फुंकलं. असा भरदार सूर निघाला, की मी दचकलोच.

"अशा शंभर करायच्या हायेत."

"मंग बाकं कोण करंल, सर?"

"पोरं उभी ऱ्हातील," सर शांतपणे म्हणाले.

ती नळी लातूरकडच्या एका जुन्या चर्चमधल्या मोडक्या ऑर्गनची, म्हणजे भात्याच्या हवेनं नळ्या वाजवणाऱ्या भल्यामोठ्या पेटीची होती. हे वाद्य बांधणारं आपल्याकडे कुणी उरलं नव्हतं. सरांनी तो सांगाडा नांदेडला आणला, एकेक जोड सोडवून समजून घेतला आणि नवा ऑर्गन बांधायला काढला. हसणारे पुष्कळ होते. सर त्यांना चहा पाजत आणि भाता ओढायला बसवत.

शेजारी हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता, आणि पावसानं पाठ फिरवली होती. जिल्ह्याच्या समारंभात आमचा ऑर्गन वाजणार असं ठरलं. ज्या फळीवर नळ्या उभ्या राहतात, ती सागाची फळी मी अर्धापूरहून आणली होती. "वाळलीय ना?" सरांनी विचारलं. "हाव सर," मी म्हणालो. ती वाळली नव्हती. घाईपायी मी खोटं बोललो. दुष्काळी हवेत ती तडकली. मी भेगेत मेण भरलं आणि गप्प बसलो. समारंभाच्या आदल्या दिवशी उन्हानं मेण वितळलं. एक पट्टी दाबली, की भेगेतून हवा शिरून शेजारच्या दोन नळ्या रडायच्या.

सरांनी भेगेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं मेण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कुलगुरूंना म्हणाले, "फळी मी निवडली. चूक माझी हाय."

समारंभात ऑर्गन वाजलाच नाही, आणि सरांची बढती अडली. माझी नोकरी राहिली, पुढे त्यांच्याच शिफारशीनं कायम झाली. मला ते एवढंच म्हणाले, "आता दुसरी आण. वाळलेली."

तो ऑर्गन वर्षभरानं वाजला. आज विद्यापीठात मुलं-मुली ही विद्या शिकतात, आणि त्यांना लाकूड पारखायला मी शिकवतो. म्हणूनच सरांच्या पंचाहत्तरीला, सर्वांसमक्ष सांगतो: फळी मी निवडली होती. चूक माझी होती. हे सांगायला मला फार उशीर झाला.

यंदा सरांनी नव्या ऑर्गनसाठी सागाच्या फळ्या वाळत घातल्या आहेत. त्या वाळायला दहा वर्षं लागतील. मी या वेळी घाई करणार नाही. सरांनीही करू नये. ठणठणीत तब्येतीनं त्यांनी पहिली पट्टी दाबावी, भाता मी ओढीन.