रुख्मामायची छाट

आमगावजवळच्या आमच्या गावात बिडीचा चेकर म्हणजे गुणवंता पटले. स्वतः कधी ओढली नाही. पण बिडी कानाशी धरून बोटांत फिरवली की आतली तंबाखू सैल की घट्ट, ते बरोबर सांगायचा.

सकाळी सट्टेदाराच्या, म्हणजे बिडी कारखान्याच्या ठेकेदाराच्या ओसरीत बायकांची रांग लागे. प्रत्येकीच्या सुपात त्याने दिलेल्या पाना-तंबाखूच्या, घरी वळलेल्या हजार बिड्या. वाईट निघाली ती छाट. तिची मजुरी नाही. गुणवंता छाट बाईच्या डोळ्यांपुढे चिमटीत मोडायचा आणि तंबाखू तिच्याच सुपात टाकायचा. अख्खी ठेवली तर सट्टेदार ती गुपचूप विकणार. मोडली की कोणाचीच नाही.

२००३च्या उन्हाळ्यात नवा सट्टेदार आला, छोटेलाल. गोंदियाचा, गोड बोलणारा. त्याने गुणवंताला शेजारी बसवून चहा पाजला आणि समजावलं, की हर हजारात साठ काढायच्या, चांगल्या असोत की वाईट, आणि मोडायच्या नाहीत, टोपलीत टाकायच्या. गुणवंताला आधी हर्षिता आठवली. त्याची पोरगी जूनपासून आमगावला कॉलेजात जाणार होती, फी भरायची होती. तो हो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवसापासून टोपली मात्र भरू लागली.

बायका कुरकुरल्या. चेकरबाबूच्या कानात मळ साचला काय, असं सुशिलाबाईने तोंडावर विचारलं तेव्हा रांग हसली. तोही हसला. त्या हसण्याची लाज त्याला घरी, जेवायला बसल्यावर वाटली.

रुख्मामाय हसली नाही. तीस वर्षं बिडी वळणारी बाई. तिची छाट कधी दहाच्या वर गेली नव्हती. साठ निघाल्या तरी तिने हूं की चूं केलं नाही. गुणवंताचा कान चुकत नाही हे तिला पक्कं ठाऊक, म्हणजे चूक आपली. तिची सून सांगते, त्या आठवड्यात माय दिवसातून तीनदा सुई ओवून बघायची. नंतर घरात वळणंच सोडलं, उजेडासाठी अंगणात, उन्हात बसू लागली.

सहाव्या दिवशी तिच्या सुपात बिड्यांवर पाना-तंबाखूची पिशवी ठेवलेली होती.

"हे काय, माय?" गुणवंताने विचारलं.

"उरलेला माल. जमा करून घे. मले आता दिसून नाही राहिलं गा. हात बी ऐकत नाही." मग त्याचा चेहरा बघून तीच त्याची समजूत घालू लागली. "तू कायले तोंड पाडतं? तुयं काई चुकलं नाही, बापू."

छोटेलाल मागेच बसला होता. गुणवंताने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुतेक बोललाच नसता. त्याने पिशवी उचलून तिच्या हातात परत दिली.

"तुले दिसते, माय. तुयी बिडी चांगली हाय. मीच चांगल्या बिड्या छाटून राहिलो. सगळ्याइच्या."

मग सुशिलाबाई म्हणाली, "मंग इतके दिवस काऊन मुका होतास?"

"भेलो," गुणवंता म्हणाला.

छोटेलालने आवाज चढवला नाही. "गुणवंताभाऊ, कल से मत आना."

"नहीं आऊंगा. आज की लाइन तो निपटाने दो," म्हणत गुणवंताने मांडी ठीक केली. छोटेलालने रांगेकडे पाहिलं. वीसेक बायका त्याच्याकडेच बघत होत्या. तो चहा सांगायला म्हणून उठून गेला.

रुख्मामाय तिथेच बसून राहिली. पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. मग सूप पुढे सरकवलं.

"मंग पाहून घे आता. नीट पाय."

तो एकेक बिडी कानाशी नेऊ लागला. वेळ लागत होता, पण मागून कोणी घाई केली नाही. सात निघाल्या. सहा मोडल्या. सातवी मोडायला गेला तर म्हातारीने त्याचं मनगट धरलं.

"हे कायले मोडतं? घट्ट हाय ते."

"तोंड उघडं हाय, माय."

"कुठं उघडं हाय?" तिने बिडी हिसकावून उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. "तुले दिसून नाही राहिलं. आण इकडं तुया कान, आयक."

गुणवंताने कान पुढे केला.