जीपखालचा जवाई

आता चहा ओतलाच आहे, तर माझी फजिती ऐकून घ्या. पण एक अट! आमच्या हिच्यासमोर विषय काढायचा नाही. तिचं हसणं अजून थांबलेलं नाही.

मी अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. सासुरवाडी शेंदूरजनाघाटची. तिथे संत्र्याच्या बगीच्यात, चिखलात चालणारी सासऱ्यांची जुनी फोर-बाय-फोर जीप आहे. चालली की मागच्या पाट्यांतून, म्हणजे स्प्रिंगांतून, कुईकुई रडायची. त्या दिवशी दुपारी माझ्या साळ्यासाठी, प्रशांतसाठी, परतवाड्याला मुलगी पाहायला जायचं होतं. जीप रडत रडत मुलीवाल्यांच्या दारात शिरली तर कसं दिसेल? म्हणून सासरे सकाळीच मिस्त्रीला फोन लावत होते.

झालं! माझ्या अंगात आलं.

"मिस्त्री कायले पाह्यजे मामाजी? मी आहो ना! पाट्याचा बोल्ट काढला, रबर बदललं का झालं. चहा होईस्तोर होते!"

हे ज्ञान कुठलं? मोबाइलवरचं! जंगलात जीपा पळवणाऱ्यांचे व्हिडिओ मी जेवताना बघतो. प्रत्यक्षात सायकलची चेनही कधी बसवलेली नाही. पण सासऱ्यांनी मुकाट्याने फोन खिशात ठेवला. जावयाला नाही म्हणायचं नसतं ना!

जीपखाली उताणा शिरलो. बोल्ट गंजून असा जाम, की पाना लावला तर मीच फिरायला लागलो.

"प्रशांत, डिझेल आण!" आलं. अर्धं बोल्टवर, अर्धं माझ्या मिशीवर.

"पाइप आण!" पान्याला लांब पाइप जोडला. शेजारचे काका बघायला आले. सासूबाईंनी बशीत शिरा आणला, तो मी पडल्यापडल्याच खाल्ला.

"भाऊजी," प्रशांत चाचरत म्हणाला, "तुमी जरा... मंजे, तो बोल्ट..."

"गप! जवाईबापूले शिकवतं का बे?" सासरे खेकसले.

"वा! काय जोर हाये!" काका म्हणाले.

आणि बोल्ट हलला! मला चेव चढला. पाइपाला अक्षरशः लोंबकळलो. कटकन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं माझ्या पोटावर पडलं.

"निंगाला!" मी विजयी वीरासारखा बाहेर आलो. टाळ्या! अहो, खरोखर टाळ्या वाजल्या!

माझा शेवटचा झटका बघतच आमची ही नटूनथटून बाहेर आली होती. तिला कसला आलाय जावयाचा मान? "अहो, खोलाचा सोडून आवळून कावून राहिले होते? तोडला ना बोल्ट!"

उताणं पडल्यावर माझं डावं-उजवं उलटं झालं होतं. आणि पृथ्वी कुठून कुठे फिरते, हे मी पोरांना शिकवतो!

"मामाजी, तुमाले माहीत होतं?"

"पयल्यापासूनच," सासरे खाली बघत म्हणाले. "पण जवाईले कसं सांगाव?"

जीप जागची हलेना. मंडळी एसटीनं गेली. मी लाजेनं घरीच राहिलो. पोराचं जमलं नाही तर खापर माझ्याच डोक्यावर, या धास्तीनं जेवण गेलं नाही.

रात्री मंडळी पेढे घेऊन आली. जमलं! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

"मोठे जवाई कावून नाही आले, असं त्यायनं इचारलं," सासरे म्हणाले. "आता खरं कसं सांगाव? मी म्हणलं, आमचे जवाई गाड्यायचे उस्ताद हायेत, जीप दुरुस्त करून राहिले. लय खूश झाले!"

मीही खूश झालो. मूर्ख कुठला!

साखरपुड्याला परतवाड्याला गेलो. अंगठ्या घालून होतात न होतात, तोच व्याह्यांनी माझा हात धरला आणि थेट गोठ्यामागे नेलं. तिथे त्यांचा ट्रॅक्टर उभा.

"याचा बोल्ट लय जाम हाये, जवाईबापू. पण मिस्त्रीले हात लावू नाही देला. म्हणलं, घरचाच माणूस येऊन राहिला!"

सगळा मांडव मागे जमला. सासरे माझ्याकडे, मी सासऱ्यांकडे. नाही म्हणावं तर सोयरीक मोडते, हो म्हणावं तर ट्रॅक्टर.

सोयरीक टिकली!