बूस्टर आमच्या घरात होता

मी बातम्या वाचलेल्या आहेत. आकाशवाणीवर नाही, दूरदर्शनवर नाही. निपाणीत, एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, निळा पडदा आणि प्लास्टिकची फुलं यांच्यामध्ये बसून. हे सांगितलं की माझ्या बेळगावच्या ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत. त्यांच्या वयाची असताना रोज संध्याकाळी सात वाजता एक अख्खी कॉलनी माझं तोंड बघत होती, आणि एके दिवशी मी त्या कॉलनीचे टीव्ही माझ्या हातानं बंद पाडले. मला त्याचा आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टीव्हीवर दिसायची ती दिल्ली. दिल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणी कशाची फीत कापली. आम्ही पडलो सीमेवरची माणसं. सीमाप्रश्न पेटला की आमचं नाव सगळ्यांच्या तोंडी, एरवी मुंबईला वाटायचं ही बंगळूरची माणसं आणि बंगळूरला वाटायचं ही मुंबईची. आमच्या गल्लीच्या नळाला चार दिवस पाणी आलं नाही, ही बातमी दोघांचीही नव्हती.

ही उणीव लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका फोटोवाल्यानं हेरली. त्याच्याकडे व्हिडिओ कॅमेरा होता, व्हीसीआर होता आणि तारेची भेंडोळी होती. स्टुडिओतून घराघरांवरून तार ओढून तो रोज संध्याकाळी एक पिक्चर दाखवायचा. पिक्चरच्या आधी दहा मिनिटं 'गावच्या बातम्या'. कॅसेट खर्ची पडू नये म्हणून तो कॅमेरा थेट तारेला जोडायचा, त्यामुळे खोलीत जे बोललं जाई ते त्याच क्षणी घराघरांत पोचे. शिंक आली तरी गावाला कळायची. बातम्या आधी मराठीत, मग त्याच कन्नडमध्ये. कन्नड तो स्वतः वाचायचा आणि मराठीसाठी त्याला माणूस हवं होतं.

आता यात आम्ही कसे आलो ते सांगते. तार फार लांब गेली की चित्र फिकं पडतं. मध्ये बूस्टर नावाचा एक डबा बसवावा लागतो आणि त्याला करंट लागतो. वखारवाल्यांची, पैसेवाल्यांची कॉलनी गावाच्या पार पलीकडे. बाजार आणि कॉलनी यांच्या मधोमध आमची गल्ली, विहाराची, जयंतीची, तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायकांची. कॉलनीच्या तोंडाशी पहिल्या बंगल्यात बूस्टर लावता आला असता, पण तो डबा दिवसभर गुणगुणायचा, आणि नव्या रंगाच्या भिंतीला खिळा ठोकायला कोणी तयार नव्हतं. मग हा फोटोवाला, आता गावाचा केबलवाला, आमच्या दारात आला. गल्लीत टीव्ही एकाही घरात नव्हता, पण आमच्या घरात विजेचा मीटर होता.

आई म्हणाली, "लाव डबा. करंट आमचा, डबा तुजा. पन माज्या पोरीला काम दे. बीए झालीया ती."

त्यानं माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला. मी कॉलेजात असताना जिभेवरून 'न्हाय' आणि 'लई' घासूनपुसून काढले होते. तो खूश झाला. म्हणाला, "वा! तुझ्या बोलण्यावरनं कळतच न्हाय की तू कुठली." मी घरी येऊन हे वाक्य कौतुकानं सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

बातम्या काय असायच्या? दुकानाचं उद्घाटन. कुणाच्या मुलाला पहिला नंबर. संकेश्वरला उसाची गाडी उलटली. कोणत्या तरी मंडळाचं हळदीकुंकू. कागद केबलवाला लिहायचा, मी वाचायची. बाजारात बायका वळून बघायच्या आणि मी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आई वखारीत तंबाखू चाळायची. भुकटी नाकातोंडात जायची, त्याची सवय होते म्हणतात. दुसरी एक गोष्ट होती जिची सवय कुणाला होत नाही. त्या वखारीत बायकांसाठी संडास नव्हता. दिवाणजीसाठी होता, त्याला कुलूप. म्हणून बायका सकाळी आत गेल्या की दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. आईला सारखी जळजळ व्हायची, कधी ओटीपोट धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पी. आई बाहेर येऊन मला म्हणाली, "पानी पिऊन जायाचं कुटं, ते बी लिहून दे म्हनावं कागदावर."

एके दिवशी एक नवी सून, पोटुशी, तिला राहवलं नाही. ती पोत्यांच्या मागं गेली. मुकादमानं तिला हाताला धरून सगळ्यांसमोर आणलं आणि नको नको ते बोलला. आई चाळण खाली ठेवून उठली, पदर झटकला आणि बाहेर जाऊन दारात बसली. तिनं कुणाला हाक मारली नाही. पण मागून एकेक करत सगळ्या आल्या. दोन दिवस त्या दारात बसून होत्या. मागणी दोन शब्दांची होती: संडास आणि प्यायचं पाणी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टुडिओत गेले. केबलवाल्यानं कागद हातात दिला. मी वाचायला बसले तोवर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. पहिली बातमी साडीच्या दुकानाची. दुसरी अशी होती: 'तंबाखूच्या वखारीसमोर काही महिलांनी विनाकारण गोंधळ घातल्याने वाहतुकीस अडथळा निर्माण झाला.' माझ्या लक्षात आलं. वाक्य अर्ध्यावर असतानाच लक्षात आलं. आणि तरी मी ते वाक्य पूर्ण केलं, 'विनाकारण' मधला 'ण' नीट उच्चारून. मग तिसरी बातमी वाचली.

तिसऱ्या दिवशी वखारवाल्यानं 'बघू' म्हणून बायकांना आत घेतलं. आईला मात्र दारातच अडवलं. मुकादम म्हणाला, "तू न्हाय. तुजं काम संपलं." घरात तिचीच कमाई मोठी होती, वडील नव्हते.

माझी बातमी तिला त्याआधीच कळली होती. कॉलनीत धुणंभांडी करणाऱ्या शेजारणीनं सांगितलं होतं, तिथली बाई हसत होती म्हणून. मला वाटलं, आता आई माझ्या चार थोबाडीत देणार. तिनं विचारलं, "मदीच अडखळली न्हाईस न्हवं?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं," ती म्हणाली आणि चुलीपाशी गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला, आधी स्वतःचा, मग केबलवाल्याचा. दुसरा राग सोयीचा होता म्हणून मी तोच धरून ठेवला.

त्या संध्याकाळी मी स्वतः बातमी लिहून नेली. बायका का बसल्या, कशासाठी बसल्या, आणि एका बाईला कामावरून कसं काढलं. केबलवाल्यानं वाचली आणि घडी घालून परत दिली. "वखारीची जाहिरात हाय आपल्याकडं. तुझं काम वाचायचं, लिवायचं न्हवं. जा, खुर्चीत बस."

मी खुर्चीत बसले नाही. तरातरा घरी आले. सात वाजून गेले होते, तो माझ्याशिवायच बातम्या वाचत असणार. आमच्या आढ्याला बूस्टर गुणगुणत होता, माझ्याच घरातला करंट पिऊन माझ्याच आईची बदनामी कॉलनीत पोचवत होता. मी स्टुलावर चढले आणि बटण बंद केलं.

"काय केलंस गं?" आईनं विचारलं.

"गोंधळ घातला," मी म्हटलं. "विनाकारण."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

अर्ध्या तासात केबलवाला लुनावरून धापा टाकत आला. कॉलनीत सगळ्या टीव्हींवर मुंग्या, पिक्चर सुरू होऊनही दिसेना, लोक खवळलेले. दारातूनच ओरडला, "लाईट गेली का काय?" डोक्यावर बल्ब लख्ख जळत होता. त्यानं बल्ब बघितला, बटण बघितलं, मला बघितलं. मग त्याचा आवाज चढला. मी नमकहराम आहे, त्यानं मला माणसांत आणलं, वगैरे. तेवढ्यात गल्लीतल्या बायका दारात जमल्या. तंबाखूच्या वासानं खोली भरून गेली. तो जरा मऊ झाला.

"डबा काढून नेतो मी," तो म्हणाला.

"ने की," आई म्हणाली. "कॉलनीत कुनाच्या भिंतीला लावतोस ते बगू."

तो खरंच विचारून आला. एकाला आवाजाचा त्रास, एकाची भिंत नवी, एकाच्या सासऱ्यांना हृदयाचा विकार. ज्यांना रोज पिक्चर हवा होता त्यातल्या एकालाही डबा नको होता. तीन संध्याकाळी कॉलनी अंधारात नाही, पण मुंग्यांत बसली. ह्या तीन दिवसांत आईला कुणी कामावर बोलावलं नाही, आणि बाकीच्या वखारवाल्यांपर्यंत तिची कीर्ती पोचली होती. ती दारं फिरून आली. कुणी घेतलं नाही. घरातलं पीठ बघून मी बटणाकडे बघायची, आणि आई माझ्याकडे बघून मान हलवायची: नाही.

चौथ्या दिवशी केबलवाला पुन्हा आला, ह्या वेळी हळू. "आक्का," त्यानं सुरुवात केली. आमच्या घरात तो आईला पहिल्यांदाच आक्का म्हणत होता. "फुकट कनेक्शन देतो. जुना टीव्ही बी देतो, रंगीत न्हाय, पन चालू हाय. गल्लीतल्या पोरांस्नी पिक्चर बघायला मिळंल."

बाहेर उभी पोरं हरखली. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

आई म्हणाली, "टीवी नको. मला बोलायचं हाय त्यात. एकदाच. मदी कापायचं न्हाय."

"आक्का, वखारवाले माझी जाहिरात बंद करतील."

"आनि मी डबा."

त्यानं डोकं खाजवलं. शेवटी विचारलं, "कन्नडमधलं काय करायचं?"

"तू सांग. पन माजंच सांग. मला कन्नड कळतंय."

दुसऱ्या दिवशी आईनं धुतलेलं लुगडं नेसलं. वाटेत मी तिची तयारी करून घेत होते. म्हटलं, "आई, संडास म्हणू नको, प्रसाधनगृह म्हण. आणि 'न्हाय' नको, 'नाही' म्हण." ती रस्त्यातच थांबली. "तू लई चांगलं बोलतीस गं," ती म्हणाली. "पन तू काय बोललीस ते ऐकलंय मी." मग पुढं चालू लागली. केबलवाल्याच्या त्या जुन्या कौतुकाला ती आत्ता उत्तर देत होती असं मला वाटलं, आणि माझी मान खाली गेली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ते कुणी विचारायला नको. वखारीमागं महिन्याभरात दोन संडास बांधले, दारं हलणारी पण कडी असलेली. पाण्याचा माठ आला. आईला परत घेतलं, सगळ्यांत शेवटी आणि तोंड वाकडं करून, पण घेतलं. केबलवाल्यानं मला काढून टाकलं. बरंच झालं, मी बेळगावला नोकरीला लागले. कॉलनीतल्या बायकांनीच घरात रेटा लावला असं धुणंभांडीवाली शेजारीण सांगायची. ते सगळं त्या संध्याकाळच्या पाच मिनिटांमुळे झालं, असं मी मानते. ज्यांना मानायचं नसेल त्यांनी मानू नये.

तर त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका स्टुडिओच्या पुढच्या खोलीत, तिथल्या छोट्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं उभ्या होत्या. मीही त्यांच्यात, मागच्या खोलीच्या उघड्या दाराशी. आई मागच्या खोलीत माझ्या खुर्चीत बसली. लाल दिवा लागला.

"मी गोंधळ घातला म्हनून तुमास्नी सांगितलं," ती टीव्हीत बोलू लागली. "व्हय, घातला. वखारीत बायकांस्नी संडास न्हाय. सकाळी आत गेलेली बाई दिस मावळंपत्तोर पानी पीत न्हाय. एक पोटुशी पोर पोत्यामागं गेली तर तिला हाताला धरून दाखवली सगळ्यांस्नी. म्हनून दारात बसलो. एवडीच बातमी हाय."

संपलं असं वाटून केबलवाल्यानं हात उचलला.

"थांब रं," ती त्याला म्हणाली आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली. "आता तुमी जितं बसलाय तितनं उठा. मोरीकडं जाऊन या. दार लावून घ्या. सावकास या, काय घाई न्हाय. आमी थांबतो."

आणि ती थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली. केबलवाल्याचा हात स्विचवर होता, पण त्यानं तो दाबला नाही. आमच्या खोलीत बायकांपैकी कुणी हललं नाही. माझी आई हात मांडीवर ठेवून, कॉलनीच्या प्रत्येक घरात, माणसं आतून येईपर्यंत बसून राहिली.