तीन दिवसांचा हुकूम

आष्ट्याच्या स्टँडवर आण्णांनी माझी बॅग उघडायला लावली होती. एकवीस वर्षं झाली त्याला. परदेशाला निघालेला माणूस, नावामागं ‘डॉक्टर’ लागून जेमतेम तीन महिने झालेले, आणि तो फलाटावर उकिडवा बसून वडिलांना स्वतःचे बनियन मोजून दाखवतोय. आण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तपासणी झाल्याशिवाय त्यांनी कुणाला कधी कुठं सोडलं नाही. “कुलपाची दुसरी किल्ली कुठाय?” त्यांनी विचारलं. ती बॅगेच्या आतच होती. त्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं, की शेजारच्या अनोळखी बाईनं तोंडाला पदर लावला.

आई म्हणाली, “थंडीत डोक्याला काय तरी बांधत जा.” आण्णा म्हणाले, “वर्सातनं एकदा तोंड दाखवायचं. रजा मंजूर झाली न्हाई तर मला कळीव. मी तुज्या सायबाला पत्र लिवतो.” माझा साहेब स्कॉटलंडमध्ये होता आणि आण्णांना मराठी सोडून थोडी फौजी हिंदी तेवढी यायची, पण त्यांनी पत्र लिहिलं असतं आणि मला रजा मिळाली असती, यात मला आजही शंका नाही.

तुम्ही जे मागं राहिलात, आणि माझ्यासारखे जे निघून गेलात, त्या दोघांसाठी हे लिहितोय. मागं राहिलेल्यांनी मला रागवावं म्हणून. निघून गेलेल्यांनी आपापले फोन आठवून बघावेत म्हणून.

मी औषधाचा डॉक्टर नाही. मी जंतूंचा माणूस. स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगशाळेत, म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत आणि रक्तात सापडणारे, औषधांना न जुमानणारे जंतू वाढवणं, त्यांच्यावर वेगवेगळी औषधं घालून बघणं आणि तक्त्यात अक्षर लिहिणं हे माझं काम. मेला तर एस, नाही मेला तर आर. आमच्याच मजल्यावर दुसरी टीम आहे. ऐंशीतही काही माणसं ठणठणीत कशी राहतात, याचा ती अभ्यास करते. त्यांच्या एका सेमिनारमध्ये मी आण्णांचा फोटो लावला होता. वय ऐंशी, खांद्यावर उसाची मोळी, गुडघ्यापर्यंत धोतर. “माय फादर,” मी म्हणालो, “नो मेडिसिन्स.” टाळ्या पडल्या. मी त्या जणू माझ्याच तब्येतीला पडल्यासारख्या घेतल्या. माझी तब्येत म्हणाल तर लिफ्ट बंद असली की मी घरून काम करतो.

गावात मात्र मी डॉक्टरच. पहिली दोन वर्षं मी सांगून बघितलं, की अहो, मी तो डॉक्टर नव्हे. नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं. मोबाईलवर फोटो यायचे. कुणाची जीभ, कुणाच्या टाचेची भेग, एकदा तर म्हशीचं सुजलेलं सड, आणि खाली एकच ओळ: ‘डाक्टर, काय करू?’ तिकडं ऑफिसात माझं मत कुणी विचारत नाही. इकडं म्हैससुद्धा माझ्या मतासाठी थांबलेली असायची.

सहा वर्षांपूर्वी असाच आण्णांचा फोन आला. लघवीला जळजळ होतेय. आईला मागं दिलेल्या गोळ्यांचं अर्धं पाकीट घरात आहे, त्या घेऊ का? मी सेमिनारच्या दाराशी उभा होतो, आत माझं नाव पुकारलेलं होतं. मी पाकिटावरचं नाव विचारलं. औषध ओळखीचं निघालं. “घ्या,” मी म्हणालो, “सकाळ-संध्याकाळ एक, तीन दिवस. बघू मग.” तीन दिवस हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. ते बायकांसाठी होतं, पुरुषांसाठी नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त त्या मिनिटाला आठवलं नाही. चौथ्या दिवशी निरोप आला: बरं वाटलं. मी अंगठा पाठवला आणि विसरलो.

गेल्या वर्षी ऊसतोडी सुरू झाल्या तेव्हा धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला. सकाळची वेळ. मी हातमोजे चढवत होतो. “आण्णास्नी लय ताप हाय,” तो म्हणाला. “काय तरीच बोलत्यात. मला सावधान हुबं केलंय आन माजा नंबर इचारत्यात.” आधी मी हसलो. मग तो म्हणाला, “लगवी कालपस्नं न्हाई,” आणि मी हातातला मोजा तसाच अर्धवट घालून खाली बसलो.

त्याच दुपारी त्यांना सांगलीच्या एका दवाखान्यात भरती केलं. इंजेक्शन सुरू झालं, ताप हलला नाही. दुसऱ्या दिवशी रक्तदाब खाली गेला. मी तिकीट काढलं. मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा बाळूनं रिपोर्टचा फोटो टाकलेला होता. खाली लिहिलं होतं: ‘ह्यात काय हाय?’ मी स्क्रीन मोठी केली. औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. आर, आर, आर, आर. बोट खाली सरकवत राहिलो. पार तळाशी दोन एस.

असे जंतू मी रोज बघतो. आमच्या फ्रिझरमध्ये त्यांना नंबर असतात, आणि खरं सांगतो, एखादा सगळ्या औषधांना पुरून उरला की आम्ही एकमेकांना हाक मारून दाखवतो. या कागदावर नंबरऐवजी आण्णांचं नाव होतं. मी बाळूला कळवलं: ‘येतोय.’

दवाखान्यात आण्णा खाटेवर आखूड दिसत होते. माणूस आजारानं बारीक होतो हे ठाऊक होतं, आखूडही होतो हे नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाले, “सुट्टीवर आलास? कवा हाजीर व्हायचंय?” मी म्हणालो, “आण्णा, मी विलास.” त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं बघून कुणाला तरी पहाऱ्यावर पाठवलं.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. “दोन औषधं उरलीत. एक किडनीला जड आहे आणि किडनी आधीच दमलीय, म्हणून दुसरं चालू केलंय. अठ्ठेचाळीस तासांत कळेल.” नाही लागू पडलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते तर मी लोकांना स्लाइडवर दाखवतो. मग त्या म्हणाल्या, “एक सांगा. घरचे म्हणतात, आण्णा कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मग एवढा रेझिस्टन्स आला कुठून? कधी अँटिबायोटिक घेतलं होतं?”

“छे,” मी म्हणालो. काय तो आवाज होता माझा! “माझे वडील साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत. मी याच विषयात काम करतो.”

आई शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, “घेत्यात की. तुजीच घेत्यात.”

पिशवीतून तिनं आण्णांची वही काढली. पावसाचा, पाटपाण्याच्या पाळीचा, गाय कधी फळली त्याचा हिशेब आण्णा जिच्यात लिहितात, ती. मधलं एक पान तिनं बरोबर उघडलं. वर निळ्या शाईत, एकेक अक्षर तोलून लिहिलेलं: ‘हुकूम. जळजळ झाल्यास. गोळी सकाळी १ संध्याकाळी १. दिवस तीन. — डॉ. विलास.’ खाली पाकिटावरचं नाव उतरवलेलं. त्याखाली तारखांची रांग. जेव्हा जेव्हा जळजळ झाली तेव्हा आण्णांनी दुकानातून तीच गोळी आणून तोच हुकूम बजावला होता, आणि प्रत्येक तारखेपुढं लिहिलं होतं: ‘काम फत्ते.’ मी मोजलं. अकरा वेळा. शेवटची नोंद वेगळी होती. ‘चौथ्या दिवशी जळजळ कायम. हुकूम तीन दिवसांचा. थांबलो.’

बाईंनी पान नीट वाचलं. “हे डॉक्टर विलास कुठं बसतात? आष्ट्यात?”

आईनं माझ्याकडं बघितलं.

“मी,” मी म्हणालो.

बाईंनी वही मिटून आईच्या हातात दिली. त्या ओरडल्या नाहीत. “एवढ्यानंच झालं असं कुणी म्हणू शकणार नाही,” म्हणाल्या, “पण यानं भर घातली. तीन दिवस की सात, हा एक मुद्दा. अकरा वेळा जळजळ का झाली, हे कुणी बघितलंच नाही, हा मोठा मुद्दा. प्रोस्टेट केवढी वाढलीय बघितलंत ना?” मी मान हलवली. आधी कारण शोधा, हे वाक्य मी विद्यार्थ्यांना इंग्रजीत सांगतो.

“मला विचारायचं तरी परत,” मी आईला म्हणालो. शरम लपवायला माणूस दुसऱ्यावरच जातो. ती म्हणाली, “तुला कामात कशाला तरास? एकदा सांगितलंयस ते झालं की.”

पहिले चोवीस तास काहीच हललं नाही. मी लघवीच्या पिशवीवरच्या रेघा बघत बसलो. आयुष्यभर इतरांच्या वडिलांची लघवी बाटलीतून आली, लेबल लावलं, पुढं सरकवली. आता अर्ध्या तासात एक रेघ ओलांडली जाते का, यासाठी मी श्वास धरत होतो. ताप एकशे दोनच्या खाली येईना. बाळू विचारायचा, “आता काय म्हनतोय रिपोट?” आणि मी प्रत्येक वेळी खालीवर होणारे आकडे समजावून सांगायचो, जणू समजावलं की ते सुधारतील.

त्यात भेटायला आले जगूतात्या, आण्णांच्याच पलटणीतले, सोसायटीच्या ओट्यावर आण्णांच्या शेजारी बसणारे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “आलास व्हय रं डाक्टर! आता काय काळजी न्हाई. आरं, तुज्याच कोर्सवर आमी जगतोय.”

“कसल्या कोर्सवर?”

तात्यांनी खिशातून चौघडी कागद काढला. आण्णांच्या वहीतलं पान, जसंच्या तसं, तात्यांच्या अक्षरात. “ओट्यावरच्या समद्यांकडं हाय की. मला गळू झालं तवा घेतली, सखारामाला खोकला झाला तवा. लय गुणकारी.”

आत आण्णा सैनिक मोजत होते. बाहेर मी उभा, हातात तो कागद. तिकडं आमचं काही चुकलं तर कुणीतरी खवचट ईमेल करतो, आम्ही पेपर दुरुस्त करतो, चहा पितो. इकडं माझं एका मिनिटातलं बोलणं कागदावर उतरून, घड्या पडून, पाच वर्षं म्हाताऱ्यांच्या खिशात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरायला लागली. संध्याकाळी ताप शंभरावर आला. तिसऱ्या सकाळी आण्णांनी डोळे उघडले, खोलीची तपासणी केली आणि म्हणाले, “इलास, दाढी कर. असा कसा आलास दवाखान्यात?” आई रडली. बाळू बाहेर जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला. मी दाढी करून आलो.

किडनी पूर्ण सावरली नाही. मोळी आता कधी नाही, शेतापर्यंतची चालही काठीनं आणि थांबत थांबत. डॉक्टरीणबाईंनी हे आण्णांना सरळ सांगितलं. बाई गेल्यावर मी सांगितलं, “आण्णा, मी सांगितलेलं चुकीचं होतं. ती गोळी, ते तीन दिवस. माझ्यामुळं झालं.”

“हुकूम चुकीचा हुता?”

“हो.”

“मग रद्द कर. लिवून. निसतं तोंडी चालत न्हाई.”

त्या पानावर मी ‘वरील हुकूम रद्द’ असं लिहून सही केली. त्यांनी सहीखालची तारीख तपासली, आणि म्हणाले, “माजा रद्द झाला. ओट्यावरच्यांचं काय?”

म्हणून परत निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, मी सोसायटीच्या ओट्यासमोर उभा राहिलो. नऊ पेन्शनर, सगळे मला शेंबडा असल्यापासून ओळखणारे. आण्णा कडेला खुर्चीत, शाल गुंडाळून. जगभर भाषणं केलीत मी. इतका घाम कधी फुटला नव्हता. मी सांगितलं, की मी औषधाचा डॉक्टर नाही, कधीच नव्हतो. तो कोर्स चुकीचा होता. खोकल्याला, गळवाला ती गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. आण्णांच्या अंगात जे झालं ते तुमच्याही होऊ शकतं, आणि मग औषध उरत नाही.

तात्या म्हणाले, “मग माजं गळू बरं झालं ते?”

“ते बहुतेक आपोआप.”

“बग की,” ते शेजाऱ्याला म्हणाले, “आन मी ह्याला वर्सभर दुवा दिला.”

कुणी हसलं, कुणी नाही. मग एकेकानं खिशातून, पाकिटातून, एकानं टोपीच्या घडीतून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. घामानं मऊ पडलेले, अक्षर विटलेले. नऊ कागद. मला वाटलं, आता संपलं. इथं माझ्या शब्दाला यापुढं किंमत नाही, आणि तेच बरोबर आहे.

तिकडची मंडळी कधीकधी विचारतात, तुझं घर कुठलं. पूर्वी मी आष्टा म्हणायचो आणि नकाशावर बोट ठेवायचो. आता विचारलं की मला तो ओटा दिसतो आणि तोंड उघडायची भीती वाटते. कारण कागद देऊन झाल्यावर त्यातला एकही माणूस उठला नव्हता. तात्यांनी चष्मा चढवला, कुणाकडून तरी पेन घेतलं, आणि म्हणाले, “बरं, आता काय घ्याचं ते सांग.” बाकीच्यांनीही खिसे चाचपले. आण्णासुद्धा शालीतून हात बाहेर काढून वही उघडून बसले.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “आधी दवाखान्यात दाखवा. तपासणी करा. मला विचारू नका.”

त्यांनी ते लिहून घेतलं.